ग्राफीनला पॉलिमरशी बांधताना

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा, जेमतेम एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये असे असंख्य पापुद्रे एकावर एक बसलेले असतात आणि लगतच्या दोन पापुद्र्यांमध्ये ०.३३५ नॅनोमीटर अंतर असते. पापुद्र्यातला प्रत्येक अणू शेजारच्या तिघांशी घट्ट जोडलेला असतो. त्याचा चौथा इलेक्ट्रॉन मात्र कुणा एका बंधाच्या मालकीचा न राहता सगळ्या षट्कोनी जाळीत मोकळा वावरतो. ग्राफीनची ताकद त्या तीन बंधांतून येते आणि वीज वाहून नेण्याची क्षमता या मोकळ्या इलेक्ट्रॉनांतून. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलत सोलत एकेरी पापुद्रा वेगळा काढला आणि त्याचे विद्युतगुण मोजले. २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सूक्ष्म छिद्रांवर ताणून बसवलेल्या पापुद्र्यात हिऱ्याचे टोक रुतवून त्याची ताकद मोजण्यात आली. यंगचा गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, निघाला सुमारे १००० गिगापास्कल आणि तुटण्यापूर्वी सोसलेला ताण १३० गिगापास्कल. पोलादाचा यंगचा गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपास असतो आणि इपॉक्सी किंवा पॉलिस्टायरीनसारख्या पॉलिमरचा जेमतेम ३.

हे आकडे पाहिल्यावर पॉलिमरवर काम करणाऱ्या कुणालाही लगेच एक हिशेब सुचतो. ३ गिगापास्कलच्या राळेत आकारमानाने १ टक्का ग्राफीन घातले, सगळे पापुद्रे ओढीच्या दिशेत सपाट बसले आणि राळेने त्यांना कुठेही निसटू दिले नाही, तर मिश्रणाचा गुणांक १३ च्या घरात जायला हवा. पापुद्रे वाटेल त्या दिशेला तोंड करून बसले, तर त्यांचा हातभार सुमारे निम्म्यावर येतो. तरीही फायदा मोठाच राहतो. प्रत्यक्ष नमुने मात्र फार क्वचित या हिशेबाच्या जवळ पोचतात. ही तफावत कशी भरून काढायची, हाच ग्राफीनच्या रासायनिक रूपांतराचा विषय आहे.

तफावतीची कारणे दोन. एक म्हणजे पापुद्रे एकमेकांना सोडत नाहीत. एका ग्रॅम ग्राफीनचा पृष्ठभाग सैद्धांतिक हिशेबाने २६३० चौरस मीटर भरतो. एवढ्या पसरट पृष्ठभागावर व्हॅन डर वाल्सची क्षीण ओढसुद्धा एकूण मोठी होते, आणि द्रवात सुटे केलेले पापुद्रे संधी मिळताच पुन्हा एकावर एक बसतात. घाईने पीठ कालवताना गुठळ्या व्हाव्यात तसे हे होते. फरक इतकाच की ही गुठळी पुढे कितीही घोटली तरी सहज फुटत नाही, आणि ताण पडला की नमुना तिथूनच तडकतो. दुसरे कारण पृष्ठभागाचे. निखळ ग्राफीनवर हायड्रोजन-बंधाला हात देणारा ऑक्सिजन नाही की राळेतल्या अमाइनशी जुळणारा एखादा गट नाही. पॉलिमरच्या साखळ्या त्याला टेकतात, पण धरत नाहीत. ओढीचा ताण पॉलिमरकडून पापुद्र्याकडे जातो तो या आंतरपृष्ठावरून. तिथे घसरण झाली की १००० गिगापास्कल नुसते कागदावर राहतात.

हे धरणे किती दुबळे असते, ते मँचेस्टरमध्येच रॉबर्ट यंग यांच्या गटाने २०१० मध्ये प्रत्यक्ष मोजून दाखवले. अॅक्रिलिकच्या पट्टीवर ग्राफीनचा एकेरी पापुद्रा ठेवून वर पॉलिमरचा पातळ थर दिला, पट्टी हळूहळू वाकवत नेली आणि पापुद्र्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जागोजागी लेसर टाकून रामन वर्णपट घेतला. ग्राफीन ताणले की वर्णपटातले एक शिखर सरकते. ते किती सरकले यावरून त्या जागी पापुद्रा किती ताणला गेला, हे कळते. कडांपाशी ताण जवळपास शून्य होता, आत जाताना तो चढत गेला आणि कडेपासून काही मायक्रोमीटर आत गेल्यावरच पट्टीच्या बरोबरीला आला. आंतरपृष्ठाची कर्तनताकद निघाली २ मेगापास्कलच्या थोडी वर. कार्बन तंतू आणि राळ यांच्या जोडीत ती याच्या दसपट किंवा अधिक असते. निष्कर्ष असा की निखळ ग्राफीनला नीट काम करायचे, तर पापुद्रा ३० मायक्रोमीटरपेक्षा लांबरुंद हवा. बाजारात मिळणारे पापुद्रे बहुधा त्याहून पुष्कळ लहान असतात. पापुद्रा मोठा करता येत नसेल तर त्याची पकड वाढवणे हा मार्ग उरतो, आणि पकड वाढवायची म्हणजे रासायनिक बंध जोडायचे.

इथेच सगळ्या विषयातली खरी अडचण आहे. पापुद्र्यातल्या कार्बन अणूला बाहेरचा गट जोडायचा, तर त्याला आपला मोकळा इलेक्ट्रॉन त्या बंधात गुंतवावा लागतो. त्रिकोणी सपाट मांडणीतला अणू चतुष्फलकी मांडणीत जातो, जाळीतून किंचित वर उचलला जातो आणि तेवढ्या ठिकाणी वीज वाहणे थांबते. पॉलिमरशी जोडलेला प्रत्येक बंध ग्राफीनच्या स्वतःच्या गुणांतून वजा होतो. हे टोकाला नेले तर काय होते, ते मँचेस्टरच्याच दोन प्रयोगांत दिसले. २००९ मध्ये सगळ्या जाळीला हायड्रोजन जोडून ग्राफेन हा विसंवाहक पदार्थ तयार झाला. २०१० मध्ये राहुल नायर आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिन जोडून फ्लोरोग्राफीन केले. तेही विसंवाहक, आणि त्याचा ताठरपणा ग्राफीनच्या सुमारे तृतीयांश. त्यामुळे संमिश्रांसाठी ग्राफीन रूपांतरित करताना गट जोडता येतात की नाही, हा प्रश्न गौण आहे. ते किती जोडायचे, पापुद्र्याच्या मध्यावर की कडेला, आणि कोणत्या कामासाठी, हे ठरवणे महत्त्वाचे.

व्यवहारात सुरुवात बहुतेक वेळा ग्राफीनपासून होत नाही, ग्रॅफाइटपासून होते, आणि ही वाट ग्राफीनच्या शोधाहून फार जुनी आहे. १८५९ मध्ये ऑक्सफर्डचे बेंजामिन ब्रोडी ग्रॅफाइटमधल्या कार्बनचा अणुभार ठरवण्याच्या खटपटीत होते. पोटॅशियम क्लोरेट आणि धुरकट नायट्रिक आम्ल यांच्यात ग्रॅफाइट पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यांच्या हाती फिकट पिवळा पदार्थ आला. तेच ग्रॅफाइट ऑक्साइड. १८९८ मध्ये स्टाउडेनमायर यांनी त्यात सल्फ्युरिक आम्ल आणून कृती सोपी केली, पण क्लोरेटमधून सुटणाऱ्या स्फोटक वायूचा धोका कायम राहिला. १९५८ मध्ये पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम हमर्स आणि रिचर्ड ऑफमन यांनी क्लोरेट काढूनच टाकले. आजही प्रयोगशाळांत ‘हमर्स’ म्हटले की कोणती कृती ते सांगावे लागत नाही.

मूळ कृती अशी: १०० ग्रॅम ग्रॅफाइट भुकटी, ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट आणि २.३ लिटर संहत सल्फ्युरिक आम्ल बर्फात ठेवून ढवळत राहायचे आणि त्यात ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट चिमटी-चिमटीने टाकायचे. तापमान २० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. या अटीत तडजोड नाही, कारण परमँगनेट आणि संहत आम्ल यांच्यातून मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होते आणि ते ५५ अंशांच्या आसपास स्फोट पावते. मग मिश्रण ३५ अंशांवर अर्धा तास ठेवायचे. ते दाट होत होत तपकिरी-करड्या लगद्यासारखे बनते. त्यात पाणी घातल्यावर जोराने उकळी फुटते आणि तापमान ९८ अंशांवर जाते. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की उरलेले परमँगनेट विझते आणि काळपट मिश्रण पाहता पाहता झळझळीत पिवळे होते. हा पिवळा रंग दिसला की ऑक्सिडीकरण मार्गी लागले असे समजतात. खरी कसोटी त्यापुढच्या धुण्याची. आम्ल निघून जाईल तसतसे पापुद्रे पाणी शोषून फुगतात, लगदा जेलीसारखा होतो, गाळणकागद तुंबतो आणि सेंट्रिफ्यूजच्या तळाशी गाळ बसेनासा होतो. लेखांमध्ये ‘उदासीन होईपर्यंत धुतले’ एवढ्या तीन शब्दांत उरकलेले हे काम कित्येक दिवस खाते. ते अर्धवट राहिले तर मँगनीज आणि सल्फेट शेवटपर्यंत नमुन्यात राहतात आणि पुढच्या सगळ्या मोजण्या बिघडवतात. २०१० मध्ये राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने नायट्रेट काढून त्याजागी फॉस्फोरिक आम्ल आणले. त्यामुळे विषारी नायट्रोजन ऑक्साइड वायू सुटणे थांबले आणि ऑक्सिडीकरणही अधिक नीट झाले.

ग्रॅफाइट ऑक्साइडचे पापुद्रे सुटे केले की ते ग्राफीन ऑक्साइड. त्याची रचना नेमकी काय, यावर बरीच वर्षे मतभेद होते. १९९८ मध्ये लेर्फ आणि क्लिनोव्स्की यांनी चुंबकीय अनुनाद वर्णपटांवरून मांडलेले चित्र आज बहुतेक जण मानतात. पापुद्र्याच्या अंगावर इपॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल, कडेला कार्बॉक्सिल, आणि मधूनमधून न बदललेले षट्कोनांचे तुकडे. साधारण दोन कार्बनमागे एक ऑक्सिजन असतो. पदार्थ पाण्यात सहज सुटतो, पण वीज वाहत नाही. पापुद्र्याचा यंगचा गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपास उतरतो. तरीही तो ३ गिगापास्कलच्या राळेहून सत्तरपट आहे. या एका आकड्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. फक्त ताठरपणा हवा असेल, तर खराब झालेले ग्राफीनसुद्धा पॉलिमरला पुरून उरते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरसाठी तर हेच ऑक्साइड अधिक चांगले, कारण दोघांकडे हायड्रॉक्सिल असल्याने हायड्रोजन-बंधांचे दाट जाळे विणले जाते. अशा संमिश्रात वजनाने ०.७ टक्के ऑक्साइडने ताणताकद तीन-चतुर्थांशाने वाढल्याची नोंद २००९ ची आहे.

इतर बहुतेक पॉलिमर पाण्याला दूर ठेवतात, आणि त्यांच्यासाठी ऑक्साइडवरच्या गटांना पुढचे गट जोडावे लागतात. कार्बॉक्सिल गट थायोनिल क्लोराइडने जागे करून त्यांना लांब शेपटीचे अमाइन जोडता येते. हायड्रॉक्सिलला सिलेन जोडता येते; काच आणि राळ सांधायला उद्योगात जी सिलेने पिढ्यान्‌पिढ्या वापरली जातात, तीच इथे चालतात. इपॉक्साइडचे वलय अमाइनने उघडता येते. हा शेवटचा मार्ग विशेष सोयीचा, कारण इपॉक्सी राळ घट्ट होते तीही याच अभिक्रियेने. राळेला घट्ट करणारे अमाइन एका हाताने राळेला आणि दुसऱ्या हाताने पापुद्र्याला धरते, आणि पापुद्रा त्या जाळ्याचाच भाग बनतो.

आयसोसायनेटची वाट मात्र सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण ग्राफीनचे पहिले नावाजलेले संमिश्र तिने दिले. २००६ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रॉडनी रुऑफ यांच्या गटातल्या साशा स्टँकोविच आणि सहकाऱ्यांनी ग्राफीन ऑक्साइडवर फेनिल आयसोसायनेटची क्रिया केली. हायड्रॉक्सिलपासून कार्बामेट झाले, कार्बॉक्सिलपासून अमाइड. पाण्यात सुटणारा पदार्थ आता पाण्यात सुटेना, पण डायमिथिल फॉर्मामाइडमध्ये एकेका पापुद्र्यापर्यंत सुटू लागला. त्याच द्रावकात पॉलिस्टायरीन विरघळवले आणि मगच डायमिथिल हायड्रॅझीनने ऑक्सिजनचे बरेचसे गट काढून टाकले. या क्रमातच सगळे कसब आहे. हे क्षपण आधी केले असते तर विद्युतवाहक झालेले पापुद्रे लगेच एकमेकांवर बसले असते. पॉलिमरच्या साखळ्या आधीच मध्ये शिरलेल्या असल्याने ते तसे बसू शकले नाहीत. मिश्रण मिथेनॉलमध्ये थेंबाथेंबाने सोडून काळी भुकटी मिळवली आणि ती गरम दाबयंत्रात दाबली. आकारमानाने अवघ्या ०.१ टक्क्याला विसंवाहक पॉलिस्टायरीनमधून वीज वाहू लागली. इतक्या कमी भरावात पापुद्रे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकमेकांना भिडले होते. हवाबंदीतही या मार्गाने चांगले फळ दिले. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनमध्ये वजनाने ३ टक्के आयसोसायनेट-रूपांतरित ऑक्साइड घातल्यावर नायट्रोजनची झिरप ९० टक्क्यांनी घटली, कारण वायूच्या रेणूला पापुद्र्यांना वळसे घालत फार लांबच्या वाटेने जावे लागते.

ऑक्सिजन काढून टाकण्याचे मार्ग अनेक. हायड्रॅझीन परिणामकारक पण विषारी. त्याजागी क जीवनसत्त्व, म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्लही चालते, हे २०१० च्या सुमारास दिसले. प्रिन्स्टनमध्ये इल्हान अक्साय आणि रॉबर्ट प्रुदोम यांच्या गटांनी रसायनांऐवजी उष्णतेचा झटका वापरला. कोरडे ग्रॅफाइट ऑक्साइड आर्गॉनमध्ये काही क्षणांत १०५० अंशांपर्यंत तापवले की ऑक्सिजनचे गट फुटून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याच्या दाबाने थर फाटून सुटे होतात. मिळते ती काळी, हवेसारखी हलकी भुकटी. तिचे पापुद्रे सुरकुतलेले असतात आणि त्यांच्यावर थोडे गट उरलेले असतात. ते उरणे इथे फायद्याचे ठरते. २००८ मध्ये अशा पापुद्र्यांनी अॅक्रिलिकमध्ये वजनाने ०.०५ टक्क्यालाच काचसंक्रमण तापमान, म्हणजे कडक पॉलिमर ज्यावर मऊ पडू लागतो ते तापमान, जवळजवळ ३० अंशांनी वर नेले. सुरकुत्यांनी आणि उरलेल्या ऑक्सिजनने साखळ्यांना जखडून ठेवले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत निखिल कोराटकर यांच्या गटाने अशाच पापुद्र्यांनी इपॉक्सीचा भंगचिवटपणा वजनाने ०.१ टक्क्याला ५३ टक्क्यांनी वाढवला. तेवढ्याच बहुभिंती कार्बन नलिकांनी तो २० टक्केच वाढला होता.

ऑक्साइडचा वळसा टाळून निखळ पापुद्र्याला थेट गट जोडता येतात. त्यासाठी सर्वाधिक वापरतात ती डायझोनियम लवणे. नायट्रोजन निसटतो, उरलेले अॅरिल मूलक जाळीतल्या कार्बनला चिकटते, आणि अभिक्रियेची मात्रा आटोक्यात ठेवता येते. या अॅरिलवर पॉलिमर वाढवणारा आरंभक बसवला की पॉलिस्टायरीनच्या साखळ्या पापुद्र्यावरूनच उगवतात. २००९ मध्ये अशा साखळ्या वाढवलेल्या ग्राफीनने वजनाने ०.९ टक्क्याला पॉलिस्टायरीनची ताणताकद ७० टक्क्यांनी आणि गुणांक ५७ टक्क्यांनी वाढवला. तयार साखळी आणून जोडण्यापेक्षा ती पापुद्र्यावर वाढवणे अधिक दाट बसते, कारण आधी जोडलेल्या लांब साखळ्या नंतर येणाऱ्यांची वाट अडवतात. कोरियात जोंग-बोम बेक यांच्या गटाने कोरड्या बर्फासोबत ग्रॅफाइट गोळागिरणीत दळून फक्त कडांना कार्बॉक्सिल जोडण्याची युक्ती २०१२ मध्ये मांडली. दळताना बंध तुटतात आणि तुटलेल्या कडा कार्बन डायऑक्साइडला धरतात. पापुद्र्याचे अंग शाबूत राहते. संमिश्रांसाठी ही दिशा सर्वांत न्याय्य वाटते, कारण बंधाची किंमत इथे कडेवर भरली जाते. तिची उणीव एवढीच की दळण्याने पापुद्रे लहान होतात.

बंध न तोडताही पापुद्र्याला आवरण देता येते. पायरीनचा चार वलयांचा सपाट रेणू ग्राफीनवर झोपतो, त्याच्या शेपटीला हवा तो गट बांधता येतो आणि मोकळे इलेक्ट्रॉन तसेच राहतात. वीज आणि उष्णता वाहून न्यायची असेल तिथे हाच मार्ग योग्य. पण ही पकड रासायनिक बंधाइतकी घट्ट नसते, आणि ओढीच्या ताणात रेणू घसरू शकतो.

उष्णतेचा हिशेब सर्वांत गुंतागुंतीचा आहे. ग्राफीनमध्ये उष्णता जाळीच्या कंपनांनी वाहते, आणि जोडलेला प्रत्येक गट त्या कंपनांना अडवतो. म्हणजे गट नकोत. पण पापुद्र्यातून राळेत उतरताना कंपनांना मोठा अडथळा असतो आणि बंध तोच अडथळा कमी करतात. म्हणजे गट हवेत. पापुद्रा लहान असेल तेव्हा आंतरपृष्ठाचा अडथळा भारी ठरतो आणि थोडे गट फायदा देतात. पापुद्रा मोठा असेल तेव्हा तेच गट तोटा करतात. एकच रूपांतर सगळ्या कामांना चालत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला नाही.

मिसळण्याच्या पद्धतीनेही रसायनाचे फळ बदलते. द्रावकात मिसळल्यास पापुद्रे सर्वांत चांगले सुटतात, पण द्रावक शेवटच्या थेंबापर्यंत काढणे अवघड. वितळवून मिसळणे कारखान्याला परवडते, पण घट्ट वितळलेल्या पॉलिमरमध्ये पापुद्रे नीट सुटत नाहीत आणि घर्षणाने तुटतात. शिवाय ग्राफीन ऑक्साइड २०० अंशांच्या आसपास विघटित होऊ लागते आणि नायलॉन त्याहून वर वितळते, त्यामुळे तिथे ऑक्साइडवरचे गट टिकत नाहीत. एकलकात पापुद्रे सोडून मग पॉलिमर बनवण्याची वाट नायलॉनला चांगली लागू पडते. कॅप्रोलॅक्टममध्ये सोडलेल्या ऑक्साइडवर नायलॉनच्या साखळ्या वाढतात आणि त्याच उष्णतेत ऑक्साइडचे क्षपणही होते.

काय घडले हे ओळखायला एक चाचणी पुरत नाही. क्ष-किरण विवर्तनात ग्रॅफाइटचे २६.५ अंशांवरचे शिखर नाहीसे होऊन १० अंशांच्या आसपास नवे आले, तर थरांमधले अंतर वाढले एवढेच कळते. रामन वर्णपटातले १३५० प्रति सेंटिमीटरचे शिखर जाळीतले दोष दाखवते, पण दोष जोडलेल्या गटाचा की नुसत्या फाटलेल्या कडेचा, हे सांगत नाही. क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपट कोणते बंध आहेत हे सांगतो, तापभारमापन किती वस्तुमान जोडले ते. ‘जोडले’ म्हणून सांगितलेला रेणू नुसता चिकटलेला असू शकतो. चांगल्या द्रावकाने वारंवार धुऊन तो टिकतो का, हे पाहिल्याशिवाय बंधाचा दावा करणे घाईचे ठरते.

कच्च्या मालाची स्थिती अजून समाधानकारक नाही. २०१८ मध्ये ६० उत्पादकांचे ‘ग्राफीन’ तपासले गेले. बहुतेक नमुन्यांत खरे ग्राफीन १० टक्क्यांहून कमी होते आणि एकाही नमुन्यात ५० टक्क्यांहून जास्त नव्हते; उरलेले म्हणजे बारीक दळलेले ग्रॅफाइट. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१७ च्या व्याख्येत दहापर्यंत थर असलेल्यालाच ग्राफीनच्या कुळात जागा आहे. वाहन उद्योगाने मात्र याच सुमारास पाऊल टाकले. २०१८ मध्ये फोर्डने इंजिनाजवळच्या फोमच्या आवरणांत अर्ध्या टक्क्याहून कमी ग्राफीन वापरत असल्याचे जाहीर केले, आणि आवाज, ताकद व उष्णता सोसण्याची क्षमता या तिन्हींत सुधारणा नोंदवली. अशा वापरात पापुद्रा एकेरी असण्याची गरज नसते. थर काही असले तरी प्रत्येक गोणीत ते सारखेच असावे लागतात. रासायनिक रूपांतर करणाऱ्याला तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण थर बदलले की पृष्ठभाग बदलतो, आणि पृष्ठभाग बदलला की दर ग्रॅमला किती अमाइन किंवा किती सिलेन घालायचे, तो हिशेब पहिल्यापासून करावा लागतो.